तिसरा ठोका

"तीन ठोके ऐकल्याशिवाय लाईन सोडू नको रे जगन." लाईनमन रघूचा हा आवाज बारा वर्षांपूर्वीचा. खांबावरून उतरला की तो पकडीने खांबावर तीन ठोके मारायचा आणि फोनवर ते ऐकून खोडाळ्याच्या उपकेंद्रात जगन वीज सोडायचा. एके दिवशी वीज सुटली तेव्हा रघू वरच होता. "मी तीन ठोके ऐकले होते," जगनने सगळ्यांना सांगितलं.

आज सूर्यमाळच्या खांबावर रघूची लेक प्रतिक्षा होती. तार जोडली की पाड्यावर पहिल्यांदाच पंपाचं पाणी चढणार होतं.

फोनवर एक ठोका आला, दुसरा आला आणि रेंज गेली. उतरली असेल, म्हणून जगनने बटण दाबलं.

पण उपकेंद्रात नव्याने बसवलेल्या रिलेने, धोका दिसला की वीज रोखणाऱ्या यंत्राने, ऐकलं नाही. लाईनवरचा विजेचा भार बघून वीज कधी रोखायची ते तो आपणच ठरवतो. पण बंद लाईनवर त्याला दिसणार काय? जगनने पुन्हा दाबलं. रिलेच्या पेटीतून लोखंडावर लोखंड वाजलं. दोनदा. मग शांत.

फोन पुन्हा लागला. "काका, थांबा हां! एक तार ढिली दिसली, परत वर चढलेय मी."

जगनने बटणावरचा हात मागे घेतला.

ती उतरली. तिसरा ठोका फोनमधून आला, पेटीतूनही आला, आणि कोणी हात न लावता वीज सुटली. पलीकडे अख्खा पाडा ओरडला, "पानी आला! पानी आला!"

"काका, बाबा आज नाचला असता!" प्रतिक्षा हसत होती.

पेटी गप्प होती, कान देऊन बसल्यासारखी.

"पोरी," जगन म्हणाला, "त्या दिवशी मी दोनच ठोके ऐकले होते."