पाहुणीची झोप

"आमचा एसी बंद पडलाय गं. दुपारपुरती इथे पडू का?" सिमीनने दारातच खोटं बोलून टाकलं.

"विचारतेस काय? तुझंच घर आहे. तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते," म्हणत तूबाने तिला हाताला धरून आत ओढलं. तूबाचे डोळे लाल झाले होते. ओढणीची कड घामाने गळ्याला चिकटली होती.

इराणातल्या अहवाझ शहरात त्या आठवड्यात पारा पन्नाशीच्या खाली यायचं नाव घेत नव्हता. कारून नदीवरून येणारा वारासुद्धा तोंड भाजत होता. आदल्या सकाळी तूबा नानच्या रांगेत उभ्या उभ्या झोपली आणि तंदूरवाल्याच्या तापलेल्या फळीवर कोसळता कोसळता राहिली. शेजारच्या सिमीनने पाठून धरलं म्हणून निभावलं. नवरा दूर तेलविहिरीवर कामाला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू, आणि करणारी ही एकटी. अशीच चार दिवस चालली असती तर सासूच्या शेजारी दुसरी खाट टाकावी लागली असती.

मदत तर सिमीन महिनाभर देऊ करत होती. 'मी बसते तुझ्या सासूपाशी, तू जरा पड.' तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं, ही सगळ्या गावाची रीत. तूबा मात्र दहाव्यांदाही हसून म्हणे, 'तुला कशाला त्रास, मी काय दमलेय थोडीच!' मग सिमीनने डोकं लढवलं. देणाऱ्याला तूबा परतवते, पण दारी आलेल्या गरजूला कशी परतवेल?

डाव फळाला आला, पण उलटाच. पाहुणी आली म्हटल्यावर तूबा कंबर कसून कामाला लागली. आधी लिंबाचं सरबत आलं, मग टरबूज, मग थंडगार ताक. वर आतून चिंचेतल्या मासळीचा वास यायला लागला. घरात एसी एकच, तो सासूच्या खोलीत. सिमीन तिथे गार हवेत लोळतेय आणि तूबा स्वयंपाकघरात चुलीपाशी शिजतेय! सिमीनला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. भार हलका करायला आली होती आणि स्वतःच भार होऊन बसली होती.

त्यात खाटेवरून मर्जानखाला, म्हणजे तूबाची सासू.

"तूबा! पाणी!"

तूबा धावत आली. म्हातारीने घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि बाकीचं परत केलं. मग उशी नीट करायला लावली. मग पाय चेपायला लावले. मग पडदा सरकवायला लावला, आणि लगेच परत होता तिथे आणायला लावला. तूबा आत गेली न गेली तोच पुन्हा, "तूबा! पाणी!"

भिंतीपलीकडून सिमीन या हाका रोज दुपारी ऐकत असे. आज डोळ्यांनी पाहिल्यावर तिचं रक्त उकळलं. कजाग कुठली! पडल्या पडल्या सुनेचा जीव घेणार ही.

जेवणं झाली. तूबा चहाचं विचारायला आली, आणि सिमीनच्या एकदम लक्षात आलं. पाहुणी जागी आहे तोवर यजमानीण पाठ टेकणार नाही. म्हणजे पाहुणीनेच झोपायला हवं.

तिने भलीमोठी जांभई दिली. "बस ना जरा जवळ," म्हणत तूबाला गालिच्यावर बसवलं, आणि दोन वाक्यं बोलता बोलता तिच्या मांडीवर डोकं टाकून चक्क घोरायला लागली. नवरा घोरतो तश्शी, शिट्टीसकट.

तूबा अडकली. झोपलेल्या पाहुणीला उठवायचं म्हणजे केवढी अप्रतिष्ठा! हलायची सोय नव्हती. तिने भिंतीच्या लोडाला पाठ लावली. थोडा वेळ ती पुटपुटत राहिली, "भांडी... भात झाकायचा राहिला..." मग तिची मान कलली. सिमीनच्या नकली घोरण्यात एक खरं घोरणं मिसळलं.

सिमीनला रडू यायच्या बेतात होतं, इतकं बरं वाटलं. पण पाठोपाठ धसका बसला. आता हाक येणार. उठून पाणी द्यावं तर मांडी हलेल आणि तूबा जागी होईल. न द्यावं तर म्हातारी घर डोक्यावर घेईल. ती श्वास रोखून पडून राहिली.

हाक आली नाही.

बऱ्याच वेळाने सिमीनने एक डोळा किलकिला केला. म्हातारी टक्क जागी होती आणि खाटेच्या कडेवरून खाली तिच्याचकडे बघत होती.

"तुझ्या एसीचं पाणी आमच्या खिडकीबाहेर टपटपतंय," ती कुजबुजली. "बंद पडलेला एसी गळतो होय गं?"

सिमीनची बोबडी वळली. "खाला... पाणी हवंय का तुम्हाला?"

"हळू बोल! तहान कुणाला लागलीय?"

"मग रोज दुपारभर हाका मारता त्या?"

म्हातारीने तोंड उघडं टाकून झोपलेल्या सुनेकडे पाहिलं. स्वतःची चादर ओढून तिचं टोक सुनेच्या खांद्यावर सोडलं.

"तिकडे भट्टीत मरत असते पोर. ये, गारव्यात बस जरा, म्हटलं तर 'मी काय दमलेय थोडीच' म्हणते. पाणी मागितलं की मात्र येते."