कोमट दगड

कोलारच्या बंद खाणीवर पुन्हा बोअरचं यंत्र आलं आणि म्हाताऱ्या सवरीअम्माला काम मिळालं: खोल जमिनीतून निघणाऱ्या दगडी कांड्या धुवायच्या. आज नऊ हजार फुटांवरची कांडी आली. पांढऱ्या गारगोटीत सोन्याची शीर चमकली आणि यंत्रावरचा मुनियप्पा नाचायलाच लागला. "अम्मा, तुझ्या घरधन्यानं जन्मात बघितलं होतं का एवढं सोनं?" घरधनी याच खाणीतली पाळी संपवून घरी यायचा, तेव्हा डब्यात एक काळा दगड असायचा. झडती घेणारा फाटकावरचा शिपाई तो बघून हसून सोडायचा. "खाली नुसती भट्टी आहे गं," म्हणत घरधनी तो कोमट दगड तिच्या गारठलेल्या हातांत ठेवायचा. एकदा त्याच नऊ हजार फुटांवर छत कोसळलं आणि तो तिथेच राहिला. तिनं सोन्याशेजारचा काळा तुकडा उचलून गालाला लावला. "अम्मा, त्यात काही नाही!" मुनियप्पा हसला. ती म्हणाली, "कोमट आहे रे अजून."