टीव्हीमागचा मेंदू

बाही अर्ध्यावर असताना शिलाई मशीन बंद पडलं. पाठोपाठ दिवा गेला, पंखा गेला आणि पुढच्या दाराचं कुलूप खट्कन लागलं. नवरा दूध आणायला नुकताच जिना उतरला होता.

ती बाहेरच्या खोलीत आली. फ्रिज घुमत होता, म्हणजे वीज होती. मग हा त्या टीव्हीमागच्या कार्ट्याचाच प्रताप! पत्त्यांच्या जोडाएवढा तो संगणक. नवऱ्यानं सुट्ट्या खर्ची घालून त्यात कसलंसं सॉफ्टवेअर घातलं होतं आणि दिवे, पंखे, बेल, कुलूप सगळं त्याच्या हवाली केलं होतं. घराचा मेंदू म्हणायचा तो त्याला. फोन दाखवला की दार उघडतं म्हणून चाव्याही ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्या. मेंदूच्या मनात काय चाललंय ते कळावं म्हणून भिंतीवर जुना टॅब अडकवला होता.

तिनं टॅब वाचला. 'मालक बाहेर. घरात कोणी नाही. सर्व बंद.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नवऱ्याला फोन लावला. त्यानं शांतपणे समजावलं, की घरात कोण आहे हे मेंदूला फोनवरून कळतं आणि त्यात सध्या त्याचा एकट्याचाच फोन जोडलाय.

"आणि माझा?"

"राहिला गं. तू काय, घरातच असतेस. लक्षातच आलं नाही."

आल्यावर बघतो, तोवर जरा बसून राहा, असंही वर म्हणाला. बसून राहा म्हणे! घरातले पडदे, उशा, त्याच्या अंगावरचा शर्टसुद्धा तिच्या हातचा, आणि माणसं मोजताना नेमकी तीच राहिली.

तिनं टीव्हीमागे हात घालून मेंदूची वायर उपटली. मशीनच्या पिनेला त्यानं लावलेला, मेंदूच्या हुकमानं वीज तोडणारा पांढरा ठोकळा काढून फेकला, मशीन खिडकीशी ओढलं आणि पिन सरळ भिंतीत खोचली. मशीन मुकाट सुरू झालं.

दुसरी बाही लागत आली तेव्हा दाराशी चाहूल लागली. त्यानं फोन दाखवून पाहिला असणार, बेलही दाबली असणार. आत काहीच वाजलं नाही. मग तो दार ठोठावू लागला.

"अगं, उघड ना. मी आहे."

तिनं पेडलवरचा पाय उचलला नाही.

"घरात कोणी नाही," ती म्हणाली आणि कापड पुढे सरकवलं.