पाचची फळी

"कागद आहेत?" ओबदुलियाने विचारलं. हातातला हातोडा तिने खाली ठेवला नाही.

"बसमध्ये कुणीतरी पिशवी मारली, आत्या. सगळं त्यातच होतं."

असंच असतं. गेल्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या म्हातारीकडे असाच एक भाचा उगवला होता. चार दिवस पोटभर जेवला आणि पाचव्या दिवशी तिचं शिलाई मशीन घेऊन पसार झाला.

फाटकातला माणूस तिशीला टेकलेला, दाढीवाला, ओलाचिंब होता. म्हणे तो एलिगिओ, तिच्या भावाचा, फर्मिनचा मुलगा. एलिगिओला तिने शेवटचं पाहिलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि आईचा हात धरून राजधानीच्या बसमध्ये चढत होता. त्यानंतर चिठ्ठी नाही की चपाटी नाही. फर्मिन गेला तेव्हाही कुणी फिरकलं नाही. आता एकोणीस वर्षांनी, नेमक्या वादळाच्या दिवशी, याला आत्या आठवली.

रेडिओ सांगत होता की दुपारपर्यंत वादळ किनाऱ्याला लागेल. घर एकदा फळ्या ठोकून बंद केलं की उद्यापर्यंत उघडायचं नाही. हा लबाड निघाला तर त्याच्याबरोबर तिने एकटीने कोंडून घ्यायचं. आणि खरा निघाला तर फर्मिनच्या पोराला वादळात हाकललं, हे जन्मभर उरावर. पुलावरून पाणी वाहू लागलं होतं, म्हणजे शाळेतल्या आसऱ्याची वाटही बंद झालेली. तिला त्याचा मनापासून राग आला.

"डेव्हिड वादळ आलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" 'तुम्ही' तिने मुद्दाम दाबून म्हटलं.

"खाटेखाली. पत्रे उडाले तेव्हा बाबा दाराला पाठ लावून उभे होते. तू मोठमोठ्याने जपमाळ म्हणत होतीस."

डेव्हिडमध्ये गावातलं प्रत्येक पोर खाटेखाली होतं. प्रत्येकाचे पत्रे उडाले आणि प्रत्येक घरात एक तरी बाई जपमाळ म्हणत होती. यात काय सांगितलं?

कुंपणापलीकडे राधामेस आपल्या दाराला पट्ट्या मारत होता. इथे राहायला येऊन त्याला सहाच वर्षं झाली होती, फर्मिनला त्याने पाहिलंही नव्हतं. पण बेसबॉलमधलं कळणारा प्रत्येक माणूस त्याला सज्जन वाटे.

"थांबा बाई, मी विचारतो," तो म्हणाला. "काय रे, अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला डोमिनिकन कोण?"

"ओझी व्हर्जिल. मोंतेक्रिस्तीचा. छप्पन साली."

"उभा कुठे राहायचा?"

"तिसऱ्या बेसवर."

"धावपत्रकात मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो. तिसऱ्या बेसचा कुठला?"

"पाच."

"आणि शॉर्टस्टॉपचा?"

माणूस जरासा थांबला. ओबदुलियाकडे पाहून त्याने नजर वळवली. "सहा."

"बरोबर. बाई, घ्या आत. पोरगं अस्सल आहे."

ओबदुलियाने मात्र वाट सोडली नाही. तोवर तिला आतून वाटत होतं की हा तोच असावा, निदान तोच असला तर बरं.

फर्मिनच्या पोराने सहा म्हटलंच नसतं. शॉर्टस्टॉप उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये. दुसऱ्याकडून चालत गेलं की तो आधी लागतो, म्हणून पाच तो आणि सहा तिसरा बेस, असं फर्मिन मरेपर्यंत सांगत राहिला. साऱ्या जगाची धावपत्रकं त्याच्या लेखी चुकलेली. डेव्हिडनंतर या घराच्या खिडक्यांसाठी फळ्या केल्या तेव्हा घर म्हणजे मैदान धरून त्याने त्यांच्यावर लाल रंगाने आकडे घातले, तेही आपल्याच क्रमाने. स्वयंपाकघराची खिडकी शॉर्टस्टॉप, निजायच्या खोलीची खिडकी तिसरा बेस. या घरात कुणी उलट बोललं की जेवण थंड होईपर्यंत वाद चाले.

वाऱ्याने राधामेसच्या केळी आडव्या केल्या. "बघा बाई, लवकर काय ते ठरवा," म्हणत त्याने दार लावून घेतलं.

"दोन फळ्या उरल्यात," ती माणसाला म्हणाली. "मला एकटीला उचलत नाहीत. एवढं करा आणि मग तुमची वाट धरा. पाचची घ्या. तुम्ही धरा, मी ठोकते."

कुठल्या खिडकीला ते तिने सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. फळी खांद्यावर घेऊन तो घराला वळसा घालून गेला. ती दोन पावलं मागून चालली, हातोडा घट्ट धरून. निजायच्या खोलीची खिडकी आधी लागली. त्या खिडकीकडे न बघता तो पुढे गेला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबला. फळीची भोकं चौकटीच्या भोकांवर अचूक बसली.

"पाच म्हणजे तिसरा बेस म्हणालात ना मघाशी?" तिने विचारलं.

"तो मैदानात, आत्या. या घरात पाच म्हणजे शॉर्टस्टॉप."

"मग तिथे का नाही बोललास तसं?"

वारा फळी ओढत होता. त्याने फळीला पूर्ण पाठ लावली आणि पाय रोवले.

"परक्या माणसासमोर बाबांचं हसं कशाला करायचं?"

ओबदुलियाने हातोडा त्याच्या हातात दिला.

"ठोक," ती म्हणाली. "आणि मग सहाची आण."