कच्चा आवाज

“नाही ताई, एकही नाही,” रेकॉर्डिस्ट म्हणाला आणि त्याने स्टुडिओतल्या संगणकाचा पडदा गायिकेकडे वळवला. एकशे बारा गाणी, सगळी तयार, चकचकीत. कच्चा आवाज, म्हणजे माइकमधून जसा आला तसा, एकाही गाण्याचा शिल्लक नव्हता.

तिने वहीत लिहिलं, ‘नीट बघ.’ बोलणं आता तिला शक्य नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तो परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

तिची चार वर्षांची मुलगी शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. आई बोलत नाही म्हणून ती धड जेवत नव्हती की झोपत नव्हती. घरच्यांनी आईची गाणी लावून पाहिली. पोरीने कानांवर हात ठेवले. “ही बाई नको. आई पाहिजे.” ही आईच आहे गं, असं आजीने समजावलं, तर तिने भोकाड पसरलं.

पोरीचं काही चुकलं नव्हतं. पहिल्या गाण्यात एक सूर जरा घसरला होता. “जरासा हात फिरव ना दादा,” गायिका रेकॉर्डिस्टला म्हणाली होती. गाणं तुफान चाललं. मग प्रत्येक गाण्याला ‘अजून जरासा’ सुरू झालं. सूर सरळ झाले, श्वास गेले, वर घुमारा चढला. एकदा कुठूनसा कच्चा तुकडा बाहेर फुटला आणि लोकांनी टर उडवली. तुकडा काही वाईट नव्हता, पण तिने धसका घेतला. तेव्हापासून गाणं तयार झालं की कच्चं त्याच दिवशी पुसायचं, असा दंडक झाला. कार्यक्रमात ती नुसते ओठ हलवायची. घरी कुणी व्हिडिओ काढला तरी त्यातला आवाज काढून टाकायला लावायची.

रेकॉर्डिस्टने सगळं इमानेइतबारे पुसलं होतं. आता त्याला तिच्याकडे बघवेना.

“थांबा ताई,” तो एकदम म्हणाला. “फोनवर आलेले आवाजी निरोप मी कधी पुसत नाही. निव्वळ आळस!” बोटाने सरकवत तो वर्षभर मागे गेला. एक निरोप सापडला. त्याने फोन स्पीकरला जोडला.

“दादा, मी बोलतेय. कालचं कच्चं पुसलंस ना? एक तुकडासुद्धा ठेवू नकोस, तुला माझी शपथ. कुणाच्या कानावर पडला तर मेलेच मी... अगं माऊ, चपला उलट्या घातल्यास, वेडाबाई! थांब, आले मी... हां दादा, सगळं पुस हं.”

पोरगी खुर्चीवरून घसरून खाली उतरली. तिने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग ती स्पीकरपाशी गेली.

“आई, आज सरळ घातल्यात. बघ ना!”

गायिकेचे डोळे वाहत होते. सवयीने रेकॉर्डिस्टचा हात बटणांकडे गेला. “मागे पंख्याची घरघर आहे ताई. दोन मिनिटांत साफ करून देतो.”

गायिकेने त्याचं मनगट घट्ट पकडलं. दुसऱ्या हाताने वहीत लिहिलं, ‘हात लावू नकोस.’