रोममधला दगड

"अन् कारंजी किती म्हनता," हिंमतराव सांगत होते, "चौकाचौकात. रातदिवस पानी वाह्यते. कोनी हंडा घिऊन उभं नाई."

"मंग त्या पान्याचं करतात काय?" कय्यूम शिंप्याने विचारले.

"पाह्यतात."

अंगणातली मंडळी हसली. दुसरबीडच्या शिवारात उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरावा लागे. पाणी नुसते पाहण्यासाठीही असते, ही त्यांना वैभवाची परिसीमा वाटली.

नव्या महाराष्ट्राच्या नव्या जिल्हा परिषदेचे हिंमतराव सभासद होते. शेतकी शिष्टमंडळाबरोबर युरोप पाहून आलेले तालुक्यातले ते पहिलेच गृहस्थ. परतल्यापासून त्यांनी गावोगाव रोम सांगितले, आणि गावागणिक ते नगर थोडे थोडे वाढत गेले. आज मात्र ते गोजरबाईच्या अंगणात बाजेवर बसले होते, आणि येथे कारंज्यांवर भागणार नव्हते.

"एक गोल आखाडा हाय, पडका," ते म्हणाले. "पह्यले तिथं मानसं वाघासिंहापुढं सोडत. बादशहा वर बसून पाहे."

"अन् त्या वाघायले निवडून कोन देत होतं, पाटील?" कय्यूमचा चेहरा अगदी गंभीर होता.

पुन्हा हशा पिकला. गोजरबाई हसली नाही. मागे दार लोटून ती उंबऱ्यावर बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा.

तिचा नवरा उकंडा. आधीची मुले जगेनात, म्हणून आईने याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचलले होते. टाकाऊ जिन्नस समजून यमाने नजर फिरवावी, एवढाच त्या नावाचा हेतू. यमाने ते मानलेही. इंग्रज सरकारने मानले नाही. उकंडा पलटणीत गेला, इटलीच्या लढाईत लढला. पण पलटण मुंबईच्या धक्क्यावरून आपल्या छावणीत पोचली, तेव्हा तो तिच्यात नव्हता. सरकारने घरी एवढेच कळवले: बेपत्ता. कुठून, ते कळवले नाही. पुढे दोन-तीनदा पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले. एका गरीब शिपायाची सरकार एवढी काळजी घेते, याचे गावाला कौतुक वाटले होते.

त्यानंतर गोजरबाई एकटीच राहिली. लोक म्हणत, जात्यावर बसली की ती कोणाशी तरी बोलते. रोज दोन ताटे वाढते. तिच्या अंगणात गेलेला चेंडू पोरे परत मागत नसत.

हिंमतराव युरोपला निघण्याआधी ती त्यांच्या वाड्यावर आली होती. "पलटनीतल्या मेल्या मानसायची नावं तिकडं दगडावर कोरतात म्हने. त्यायचं नाव असन तं मी कुंकू पुशीन. नसन तं ठेवीन. येवढं पाहून या."

हिंमतरावांनी चार लोकांत शब्द दिला होता. रोममध्ये दुभाष्या एका सकाळी त्यांना लष्करी स्मशानभूमीकडे न्यायला आलाही होता. त्या सकाळी ते एका दुकानात कातड्याचे बूट पायात घालून आरशापुढे उभे होते. दुसऱ्या दिवशी विमान होते.

बूट आता त्यांच्या पायांत होते. वाटेत त्यांनी पुरेसा विचार केला होता. इतकी वर्षे बेपत्ता असलेला माणूस मेलेलाच असतो. दगड त्यात काय भर घालणार? खरे सांगून स्वतःची शोभा करून घेण्यापेक्षा त्या बाईला एकदाचे मोकळे करावे. असत्याला करुणेचे अस्तर लावले की ते अंगाला टोचत नाही.

"पाटील," गोजरबाई म्हणाली, "शहर झालं. आता माह्यं सांगा."

हिंमतरावांनी बुटातले पाय बाजेखाली ओढून घेतले.

"आहे," हिंमतराव हळू म्हणाले. "नाव आहे."

"तुमी सोता पाह्यलं?"

"स्वतः. पांढऱ्या दगडावर. हात लावून पाह्यलं."

"नुसतं नाव?"

"नाव, पलटन, सारं."

तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही. वकील साक्षीदाराला न्याहाळतो तशी ती त्यांना न्याहाळत होती. तिच्या पाठीशी असलेल्या दाराची फट हिंमतरावांना उगाच दिसत राहिली. भर दुपारी आत एवढा अंधार असावा, आणि आपले शब्द तिथे ओढले जात असावेत, असे काहीसे त्यांना वाटले. त्यांनी नजर वळवली.

"तुळशीवर हात ठिवून सांगता?"

गाव पाहत होते. हिंमतराव उठले. नवे बूट काढून वृंदावनाशी गेले आणि त्यांनी हात ठेवला.

कय्यूमने डोळे मिटून दुवा मागितली. एकेक जण मान खाली घालून उठला. बायका बांगड्या फोडणाऱ्या म्हातारीला बोलवायला गेल्या. अंगणात दोघेच उरले.

"म्हन्जे सरकारच्या दप्तरी ते मेले?" तिने विचारले.

"हो, बाई."

"राज बदललं, पन फौज तं तेच हाय ना. आता कोनी त्यायले धुंडायले येनार नाई?"

"मेलेल्याले काऊन कोन धुंडते?"

"अन् तुमीही आता दुसरं काई सांगू शकत नाई. तुळशीवर हात ठिवला."

"नाही सांगणार."

गोजरबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग नाव न घेता, बायका एकाच माणसाला ज्या सुरात हाक मारतात त्या सुरात, ती दाराकडे वळून म्हणाली, "आयकलं ना? या आता बाहीर."

दाराची कडी आतून निघाली. फटीत उन्हाने कधी न शिवलेला, पांढराफटक हात दिसला. आणि बोलायची सवय गेलेला एक पुरुषी आवाज म्हणाला,

"पाटील, खरंच हात लावून पाह्यलं ना?"