ठमीचे डोळे

डॉक्टरीणबाईंनी बारीक बॅटरीचा झोत ठमीच्या आधी एका डोळ्यात टाकला, मग दुसऱ्यात. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकला होता. ठमी म्हणजे प्राणिसंग्रहालयातली सगळ्यात म्हातारी पेंग्विन. तिला सांभाळणारे काका तिला टेबलावर धरून उभे होते.

"या वयात तिला भूल सोसायची नाही," बाई म्हणाल्या. "राहू दे, काका."

"करा हो ऑपरेशन. पाया पडतो तुमच्या."

"पण तिचं अडलंय कुठे? तुम्ही हाक मारली की बरोबर येते, तुमच्या हातून मासे खाते. दुसऱ्या कुणापुढे तर चोचही उघडत नाही."

"त्याचाच घोर लागलाय."

बाईंना काही उलगडेना. काकांनी ठमीच्या पाठीवरून हात फिरवला.

"सोमवारी माझं ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढणार म्हणतात," ते म्हणाले. "मी इथं कामाला लागलो तेव्हा ती आंधळीच होती, बाई. आवाज आहे तोवर एकदा तिला माझं तोंड दिसू द्या. हाक मारणारा तो हाच, एवढं तिला कळलं म्हणजे झालं."